काट्याला न कळलेली चरबी

इंदुरात डॉक्टरपुढे कुणी सुजलेला पाय ठेवला, तर पहिला प्रश्न पायाबद्दल नसायचा, गावाबद्दल असायचा. राहणारे कुठले? त्याला कारण होतं. माळव्यात हत्तीरोग फारसा नाही. पण पन्ना, छतरपूर, टीकमगढ हा बुंदेलखंडाचा पट्टा हत्तीरोगाचा. सातपुडा उतरून खाली गेलं की नागपूर, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली हे जिल्हेही त्याच नकाशातले. इंदुरात पोटापाण्यासाठी दोन्हीकडून माणसं येत आली आहेत, आणि येताना आपापले आजारही घेऊन येतात.

इंदूरची वैद्यकीय शाळा १८७८ साली सुरू झाली. पुढे तिला किंग एडवर्डचं नाव मिळालं आणि १९४८ नंतर तिची जागा महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाने घेतली. शाळा निघाली तो काळ सुजलेल्या पायांच्या दृष्टीनेही नव्या ज्ञानाचा होता. सहाच वर्षांपूर्वी, १८७२ साली, कलकत्त्यात टिमथी लुइस यांना माणसाच्या रक्तात वळवळणारे सूक्ष्म जंत दिसले होते. १८७७ साली चीनमध्ये पॅट्रिक मॅन्सन यांनी तेच जंत डासाच्या पोटात वाढताना पाहिले. सुश्रुतापासून वैद्यांना ठाऊक असलेल्या श्लीपदाला, म्हणजे हत्तीरोगाला, आता सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा शत्रू मिळाला. हा शत्रू रात्री रक्तात उतरतो, म्हणून तपासणीचं रक्त रात्री दहानंतर घ्यायचं. आरोग्य खात्याच्या माणसांनी कंदील घेऊन झोपलेल्या गावांना उठवायचं, बोटाला सुई टोचायची, हे भारतात पिढ्यानपिढ्या चाललं. त्यातही एक पेच होता. पाय पुरता हत्तीसारखा झाला, की पुष्कळदा रक्तात जंत सापडतच नाहीत. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत भास्कर हरिनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जंताऐवजी जंताच्या प्रथिनांचा माग काढणाऱ्या चाचण्यांवर वर्षानुवर्षं काम केलं, ते या अडचणीतून.

पण या सगळ्या धडपडीत एक बाई राहून जाते. तिचे दोन्ही पाय जाड, अगदी सारखे जाड. जाडी कमरेखाली सुरू होते आणि घोट्याशी एकदम थांबते. पाऊल मात्र सडपातळ. वरचं अंग बेताचं. पाय दाबला की दुखतो, कुठे जरा लागलं की काळंनिळं पडतं. रक्त तपासलं, दिवसा तपासलं, रात्री तपासलं, काही नाही. गाव विचारलं, हत्तीरोगाचं नाही. मग डॉक्टरकडे एकच शब्द उरतो आणि घरच्यांकडे एकच सल्ला. शब्द लठ्ठपणाचा आणि सल्ला भात सोडण्याचा. आजीचेही पाय असेच होते, असं कुणी म्हणालंच तर तो बांध्याचा विषय ठरतो, आजाराचा नाही.

या बाईला पहिल्यांदा नाव दिलं ते लठ्ठपणाच्या डॉक्टरांनी नव्हे. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात रॉचेस्टर नावाच्या गावी मेयो क्लिनिक आहे. तिथे एडगर अ‍ॅलन आणि एडगर हाइन्स हे दोन एडगर रक्तवाहिन्यांच्या विकारांवर काम करत. अ‍ॅलन यांचं नाव आजही प्रत्येक शिकाऊ डॉक्टरच्या तोंडी असतं. मनगटाच्या धमनीतून रक्त काढण्याआधी दोन्ही धमन्या दाबून, एक सोडून, तळहात लाल होतो का ते पाहतात. ती अ‍ॅलनच्या १९२९ सालच्या चाचणीची सुधारलेली पद्धत. हाइन्स यांनी हात बर्फाच्या पाण्यात बुडवून रक्तदाब किती उसळतो ते मोजण्याची पद्धत बसवली. दोघेही बोटांनी आणि डोळ्यांनी निदान करणारे. पाय सुजतात म्हणून बायका त्यांच्याकडे येत, आणि सूज नेमकी कुठून येते याचा शोध घेताना त्यांच्या लक्षात आलं की यांतल्या काहींच्या पायांत मुख्यतः पाणी नाही, चरबी आहे. आणि ती चरबी उपासाला दाद देत नाही.

१९४० साली मेयो क्लिनिकच्या स्वतःच्या नियतकालिकात त्यांनी चार पानांचं टिपण छापलं आणि या अवस्थेला लिपेडेमा म्हटलं. १९५१ साली वोल्ड नावाच्या सहकाऱ्याबरोबर त्यांनी ११९ रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. ओळखण्याच्या खुणा तेव्हाच पुरेशा स्पष्ट होत्या. विकार जवळजवळ केवळ स्त्रियांत. दोन्ही पाय सारखे. पाऊल वगळलेलं. दुखरेपणा आणि चटकन काळंनिळं पडणं. पाय उंच ठेवून किंवा वजन उतरवून फारसा फरक नाही. ही यादी आज छापली तरी चालेल. प्रश्न असा पडतो की मग पुढची चाळीस-पन्नास वर्षं ती कुणी वाचली का नाही?

माझ्या मते दोष वजनकाट्याचा आहे. म्हणजे काट्याचा नव्हे, काट्यावर ठेवलेल्या विश्वासाचा. अ‍ॅलन आणि हाइन्स बोटांनी पाय चाचपत होते त्याच सुमारास, १९४२-४३ साली, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीने इतक्या उंचीच्या स्त्रीचं आणि पुरुषाचं वजन इतकं असावं, असे तक्ते काढले. मुळात ते विम्याचे हप्ते ठरवण्याच्या विचारातून आलेले. ते दवाखान्यांच्या भिंतींवर गेले. मग १९७२ साली अँसल कीज यांनी एकोणिसाव्या शतकातल्या केतले या बेल्जियन गणितज्ञाचं सूत्र उचललं, वजनाला उंचीच्या वर्गाने भागायचं, आणि त्याला बॉडी मास इंडेक्स हे नाव दिलं. केतलेला लठ्ठपणात रस नव्हता, त्याला सरासरी माणूस शोधायचा होता. कीज यांनी सूत्र तपासलं ते पाच देशांतल्या सात हजारांवर माणसांवर, आणि ही सगळी माणसं पुरुष होती. जो विकार जवळजवळ केवळ बायकांना होतो, तो ज्या सूत्राच्या आड दडला, त्या सूत्राच्या पायाभरणीत बाई नव्हती. यावर आणखी काही बोलायची गरज नाही.

आकडा एकदा मिळाला की पाहणं थांबतं. चरबी किती हे काट्यावरून, थोड्या फरकाने का होईना, कळतं. ती कुठे आहे हे कळत नाही. आणि कुठे हाच खरा प्रश्न आहे, हे मार्सेय शहरातला झ्याँ व्हाग नावाचा फ्रेंच डॉक्टर १९४७ सालीच सांगत होता. त्याचं म्हणणं असं की पोट, मान, खांदे इथे चरबी साठणारी माणसं मधुमेह आणि हृदयविकाराकडे जातात. नितंब आणि मांड्यांवर साठणारी तितकी जात नाहीत. दंड आणि मांडी यांच्या मापांवरून त्याने एक गुणोत्तरही बसवलं. लोकांनी ऐकून घेतलं आणि विसरून गेले. १९८०च्या दशकात स्वीडनमध्ये गटेबर्गच्या पेर ब्यर्नटॉर्प आणि सहकाऱ्यांनी कमर आणि नितंबांच्या घेरांचं गुणोत्तर धरून हजारो माणसांचा माग ठेवला, तेव्हा व्हाग बरोबर होता हे मान्य झालं.

पायांकडे वळणारा आणखी एक माणूस फ्रान्समधलाच. १९७६ साली स्ट्रासबूर्गच्या रॉबर्ट स्टेमर यांनी एक साधी खूण सांगितली. पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी कातडी चिमटीत धरून उचलायची. लसिकावाहिन्या तुंबून आलेल्या सुजेत, म्हणजे हत्तीरोगाच्या जातीच्या सुजेत, ती उचलली जात नाही. लिपेडेमात आणि साध्या लठ्ठपणात सहज उचलली जाते. आपल्याकडे या बोटावर जोडवी असतात, हे स्टेमरना ठाऊक असण्याचं कारण नाही. पण आपल्या डॉक्टरांना असायला हवं. लसिकेच्या सुजेत जोडवी रुततात, काढून ठेवावी लागतात. लिपेडेमात जोडवी वर्षानुवर्षं सुखाने बोटात राहतात. अडचण होते ती घोट्याच्या वर, पैंजण जिथे सरकायला हवं तिथे. लग्नात केलेले पैंजण कधीपासून होईनासे झाले, हा प्रश्न इंदूरच्या किंवा अमरावतीच्या बाह्यरुग्ण विभागात विचारला, तर विकार कोणत्या वयात वाढला ते बाई अचूक सांगू शकेल. हा विकार वयात येताना, गरोदरपणात किंवा पाळी जाताना डोकं वर काढतो, त्यामुळे असा प्रश्न केवळ गप्पांचा राहत नाही. आणि साडी किंवा सलवार वर घ्यायला सांगून पाय गुडघ्यापर्यंत पाहणं ही तपासणी आपल्या गर्दीच्या दवाखान्यांत कितीदा होते, तेही सगळ्यांना माहीत आहे.

चरबी कुठे आहे हा प्रश्न मराठी मुलुखात मात्र अगदी उलट्या टोकाकडून आला. रॉचेस्टरच्या बायकांना काटा लठ्ठ म्हणत होता. पुण्यातली माणसं काट्यावर बारीक होती.

इंदूरच्या शाळेला ज्या एडवर्ड राजाचं नाव होतं, त्याच राजाच्या नावाचं एक रुग्णालय पुण्याच्या रास्ता पेठेत आहे. १९८०च्या दशकात इंग्लंडमधलं संशोधन आटोपून परतलेले डॉ. चित्तरंजन याज्ञिक तिथे मधुमेहाचे रुग्ण पाहू लागले. पाश्चात्त्य पुस्तकांत मधुमेही माणूस वयस्क आणि लठ्ठ होता. समोर येणारे रुग्ण तरुण होते, आणि पुस्तकाच्या हिशेबाने धड लठ्ठही नव्हते. कंबर मात्र सुटलेली. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनचे डेव्हिड बार्कर एक विचित्र वाटणारी गोष्ट मांडत होते. हर्टफर्डशर परगण्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून आरोग्यसेविकांनी नवजात बाळांची वजनं वहीत लिहून ठेवली होती. बार्कर यांनी त्या वह्या बाहेर काढल्या, ती बाळं म्हातारी होऊन कशाने गेली ते शोधलं, आणि म्हणाले की जन्मतः कमी वजनाची बाळं पुढे हृदयविकाराने जास्त मरतात. कमी वजनाची बाळं म्हटल्यावर भारतात कुणाचे कान टवकारणार नाहीत? १९९५ साली याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्यातल्या चार वर्षांच्या मुलांचा अभ्यास छापला. जन्मतः जी हलकी होती, त्यांच्या रक्तात साखर आणि इन्सुलिन चार वर्षांच्या वयातच जास्त चढत होतं.

मग मोजणी गर्भापर्यंत मागे नेणं आलंच. १९९३ साली पुण्यापासून साधारण ५० किलोमीटरवरच्या सहा गावांत पुणे मातृपोषण अभ्यास सुरू झाला. हा अभ्यास कागदावर सोपा वाटतो. प्रत्यक्षात गावातल्या विवाहित बायकांकडे महिन्याच्या महिन्याला जाऊन पाळीची तारीख विचारायची, म्हणजे दिवस गेल्याचं अगदी सुरुवातीला कळेल. हे विचारायला कार्यकर्ती गावची, ओळखीची हवी. दाराशी सासू असते. गर्भारपणात काय खाल्लं, शेतात किती राबलं, विहिरीवरून पाणी किती आणलं, सगळं लिहायचं. आणि बाळंतपण कुठेही होवो, तीन दिवसांच्या आत काटा, टेप आणि कातडीची घडी मोजणारा चिमटा घेऊन बाळापर्यंत पोचायचं. आया सरासरी दीड मीटरपेक्षा थोड्या उंच, ४२ किलोच्या. त्यांचा बॉडी मास इंडेक्स जेमतेम १८. म्हणजे पुस्तकाच्या हिशेबाने अर्ध्याअधिक आया कुपोषित.

२००३ साली पुण्याच्या गावांतली पूर्ण दिवस भरलेली ६३१ बाळं साउदॅम्प्टनच्या ३३८ बाळांशेजारी ठेवून पाहिली गेली. पुण्याचं बाळ सरासरी २.७ किलोचं, साउदॅम्प्टनचं ३.५ किलोचं. यात नवीन काही नव्हतं. नवीन होतं ते पुढचं. बाळ सगळ्याच मापांत लहान होतं, पण सारखं लहान नव्हतं. पोटाचा घेर सर्वांत मागे पडलेला, म्हणजे यकृतासारखे अवयव लहान. दंड बारीक, म्हणजे स्नायू कमी. डोकं आणि लांबी मधोमध. आणि खांद्याच्या फऱ्याखालची कातडीची घडी, म्हणजे तिथली चरबी, इंग्रज बाळाच्या जवळपास पोचलेली. पाऊण किलोहून जास्त वजन कमी होतं ते मांसाचं आणि अवयवांचं; चरबी जवळपास शाबूत. आदल्याच वर्षी नाळेच्या रक्तावरूनही हेच दिसलं होतं. वजनाच्या मानाने पुण्यातल्या बाळांत इन्सुलिन आणि चरबीशी जोडलेलं लेप्टिन जास्त होतं. कार्यकर्ती काट्यावर ठेवते ते बाळ कुपोषित, तेच बाळ चिमट्यात मेदस्वी. 'थिन-फॅट' भारतीय ही कल्पना तिथून रूढ झाली.

ही कल्पना जगभर पोचली ती मात्र आकड्यांच्या तक्त्यामुळे नव्हे, एका छायाचित्रामुळे. १० जानेवारी २००४च्या 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे मित्र जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. दोघांचा बॉडी मास इंडेक्स एकच, २२.३. क्ष-किरणांनी चरबी मोजल्यावर युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. दोघांची आडनावं वायने सुरू होतात म्हणून नाव पडलं वाय-वाय विरोधाभास. खाली दिलेलं स्पष्टीकरणही मिश्कील होतं. युडकिन मॅरेथॉन पळतात, तर याज्ञिक यांचा मुख्य व्यायाम सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचं दार मिटायच्या आत पळत गाठण्याचा. पण त्याच मजकुरात याज्ञिक यांनी आपण स्वतः जन्मतः कमी वजनाचे होतो हेही नोंदवलं. संशोधकाने स्वतःच्या पोटावरची चरबी जगातल्या अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात छापून आणावी, असं आपल्याकडे क्वचितच घडलं असेल.

त्यानंतर भारतात मापं बदलली. जागतिक आरोग्य संघटनेने २००४ साली आशियाई लोकांसाठी २३ हा सावध होण्याचा आकडा सुचवला. २००९ साली भारतीय तज्ज्ञांनी २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा अशी रेषा आखली, आणि कंबर पुरुषांची ९० व बायकांची ८० सेंटिमीटर ही मर्यादा ठेवली. २०२३ साली आयसीएमआर-इंडियाब पाहणीचे आकडे आले, तेव्हा देशात मधुमेही १०.१ कोटी. बॉडी मास इंडेक्सने लठ्ठ ठरणारे प्रौढ २८.६ टक्के, पण कंबरेच्या मापाने लठ्ठ ठरणारे ३९.५ टक्के. मधल्या अकरा टक्क्यांच्या फरकात पुण्याचं बाळ मोठं होऊन उभं आहे.

या बदलाचा लिपेडेमाच्या बाईला मात्र आधी तोटाच झाला, असं मला वाटतं. लठ्ठपणाची रेषा ३० वरून २५ वर आली, तशी ती आणखी लवकर लठ्ठ ठरली. तिच्या पायांतली चरबी व्हागने सांगितलेल्या कमी धोक्याच्या जागेची; तिच्यासारख्या रुग्णांत वजनाच्या मानाने मधुमेह कमी आढळतो असं परदेशी अभ्यास सांगतात. पण काटा तिला आणि सुटलेल्या पोटाच्या मधुमेहींना एकाच रांगेत उभं करतो. त्या रांगेतून ती आहारतज्ज्ञाकडे जाते, तिथून व्यायामशाळेत, आणि वरचं अंग उतरलं तरी पाय तसेच राहिल्यावर कधी कधी पोटाच्या शस्त्रक्रियेपर्यंत. शस्त्रक्रियेनंतर तिचा चेहरा ओघळतो, हात वाळतात आणि पाय मात्र जिथल्या तिथे.

आता संशोधन पुन्हा पायांकडे वळलं आहे. २०१८ साली अमेरिकेत व्हँडरबिल्ट विद्यापीठात रशेल क्रेसेन्झी आणि सहकाऱ्यांनी एमआरआयच्या खास पद्धतीने पोटरीतलं सोडियम मोजलं. लिपेडेमाच्या बायकांच्या कातडीत आणि कातडीखालच्या चरबीत ते जास्त निघालं. काहीजण अल्ट्रासाउंडने चरबीच्या थराची जाडी मोजतात, काही पायांतल्या आणि धडातल्या चरबीचं गुणोत्तर काढतात. २०२० साली युरोपातल्या तज्ज्ञांच्या एका गटाने तर मूळ गृहीतकालाच हात घातला. या पायांत खरोखर पाणी साठतं याला पुरावा नाही, मुख्य तक्रार दुखण्याची आहे, असं त्यांचं म्हणणं. लसिकेवर काम करणाऱ्या इतरांना ते पटलेलं नाही आणि वाद चालू आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या यादीत, २०२२ पासून लागू झालेल्या, लिपेडेमाला स्वतःचा क्रमांक मिळाला, ईएफ ०२.२. रक्ताची एखादी चाचणी करून निदान व्हावं, असं मात्र अजून काही हाती नाही. ११९ रुग्णांच्या त्या जुन्या आढाव्यातल्या खुणाच अजून कामाला येतात.

जानेवारी २०२५ मध्ये लठ्ठपणाच्या व्याख्येवर दोन दस्तऐवज जवळजवळ एकाच वेळी आले, एक 'लॅन्सेट'च्या आंतरराष्ट्रीय आयोगाचा आणि एक भारतीय तज्ज्ञांचा. दोन्हींचा सूर असा की नुसत्या बॉडी मास इंडेक्सवर लठ्ठपणा ठरवू नये, कंबर मोजावी, चरबी मोजावी. यामागे पुण्यासारख्या ठिकाणच्या बारीक मधुमेहींचा मोठा वाटा आहे. पण त्याच टेपने लिपेडेमाची बाईही निवडता येईल. इंडेक्स ३२ आणि कंबर ७६ असा मेळ दिसला, तर डॉक्टरने थांबून पायांकडे पाहायला हवं. पुण्यात जे माप काट्याने चुकवलेल्या माणसाला धरण्यासाठी आणलं, ते काट्याने विनाकारण धरलेल्या बाईला सोडवू शकेल.

अर्थात मेळ इतका स्वच्छ नेहमी पडणार नाही. इंदूरची किंवा नागपूरची बाई मुळात पुण्याच्या बाळासारखीच जन्मलेली असू शकते. तिच्या पोटावर एक चरबी आणि पायांवर दुसरी, असं दोन्ही असेल. पोटावरची साखर वाढवेल आणि आहार-व्यायामाने उतरेलही. पायांवरची दुखेल, पण आहार-व्यायामाने हलणार नाही. दोन्हींना लठ्ठपणा हा एकच शब्द लावून एकच उपचार दिला, तर निम्मा उपचार लागू पडतो आणि निम्म्या अपयशाचा दोष बाईच्या जिभेवर येतो. म्हणून डॉक्टरने तिला दोन गोष्टी वेगळ्या करून सांगायला हव्यात: कंबर इतके सेंटिमीटर कमी करायची आहे, आणि पायांसाठी दाबमोजे, पोहणं, चालणं, वेदनेवर उपाय, पायांचं माप उतरलं नाही तर तुमचं काही चुकलेलं नाही. वजनाचा कागद हातात देताना यातली दुसरी गोष्ट कुठेच छापलेली नसते.